टायटॅनियमचें कठीण कवच

गांवचा लोहार कुऱ्हाड घडवितो तेव्हां ती सबंध पोलादाची करीत नाहीं. अंग मऊ लोखंडाचें ठेवून धारेपुरतें पोलाद तो भट्टींत तापवून सांधतो. धार कठीण हवी, पण घाव सोसण्यास अंग चिवट हवें, हें त्याला अनुभवानें ठाऊक असतें. टायटॅनियम या धातूच्या बाबतींत धातुशास्त्रज्ञ आज हाच प्रश्न निराळ्या साधनांनीं सोडवीत आहेत.

टायटॅनियमचा शोध १७९१ मध्यें विल्यम ग्रेगर या इंग्रज पाद्र्यास कॉर्नवॉलमधील काळ्या वाळूंत लागला. पुढें १७९५ मध्यें क्लापरोट या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें ग्रीक पुराणांतील टायटनांवरून त्यास नांव दिलें. नांवाप्रमाणेंच हा धातु बलवान आहे. पोलाद पाण्याच्या सुमारें ७.८ पट जड, तर टायटॅनियम अवघा साडेचार पट. समुद्राच्या पाण्यांतहि तो गंजत नाहीं आणि मनुष्याच्या हाडाशीं त्याचें चांगलें जुळतें. सहा टक्के अल्युमिनियम व चार टक्के व्हॅनेडियम घालून केलेला त्याचा मिश्रधातु विमानांत आणि शस्त्रक्रियेंत फार उपयोगी पडतो.

परंतु या बलवानाला घासणें सोसत नाहीं. पृष्ठभागावरील ऑक्साइडचा अत्यंत पातळ पापुद्रा घर्षणानें फाटतो, उघडा पडलेला धातु समोरच्या भागास चिकटतो व त्याचे कण उपटून निघतात. कृत्रिम खुब्याच्या सांध्यांत टायटॅनियमचा गोळा वापरून पाहिला, तेव्हां तो झिजून भोंवतालच्या मांसांत काळे कण सांचल्याचें आढळलें. म्हणून मांडीच्या हाडांत रोवावयाचा दांडा टायटॅनियमचा असला, तरी वरचा गोळा बहुधा कोबाल्ट-क्रोमियमचा किंवा सिरॅमिकचा असतो. सांधा झिजला तर रोग्यावर दुसऱ्या शस्त्रक्रियेचा प्रसंग ओढवूं शकतो.

या उणिवेवर लेसरच्या झोतानें एक उपाय दिला आहे. १९६० मध्यें थिओडोर मेमन यांनीं कॅलिफोर्नियांत माणकाच्या कांडींतून पहिला लेसर-झोत काढला. १९६४ मध्यें अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत कुमार पटेल यांनीं कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर सिद्ध केला. पटेल यांचा जन्म बारामतीचा आणि शिक्षण पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतलें. या लेसरच्या प्रखर झोतामुळें धातु कापणें, सांधणें व वितळविणें कारखान्यांच्या आवांक्यांत आलें.

झोत टायटॅनियमवर पडतांच तेथें वितळलेल्या धातूचें लहानसें डबकें बनतें. त्याच वेळीं नळींतून आरगॉन वायूच्या प्रवाहाबरोबर टायटॅनियम कार्बाइडसारख्या कठीण द्रव्याची भुकटी त्यांत सोडतात. झोत पुढें सरकला कीं डबकें क्षणांत गोठतें. अशी ओळीस लागून ओळ काढीत सारा भाग झांकला जातो. भुकटींत बोरॉन कार्बाइड असलें तर टायटॅनियमशीं त्याची रासायनिक क्रिया होऊन नवे कठीण स्फटिक डबक्यांतच जन्मतात. तप्त टायटॅनियम हवेंतील प्राणवायु व नत्रवायु शोषून ठिसूळ होतो, यास्तव भोंवतीं आरगॉनचें आवरण ठेवावें लागतें. भांड्याला कल्हई करतांना केवळ कथील वितळतें, भांडें वितळत नाहीं. येथें मात्र खालचा धातुहि किंचित् वितळून वरच्या थराशीं एकजीव होतो. विकर्स मापानें मूळ मिश्रधातूची कठिणता सुमारें ३५० असते, ती कवचांत दुप्पट-तिप्पट करतां येते.

तथापि कठिणतेचाच लोभ धरला तर घात होतो. थर झपाट्यानें निवतांना आक्रसूं पाहतो, खालचें थंड अंग त्यास आक्रसूं देत नाहीं, आणि ह्या ओढाताणींत ठिसूळ कवचास तडा जातो. विमानाच्या भागावर वारंवार ताण पडत असल्यानें तोच तडा खालच्या चिवट अंगांत शिरण्याचें भय असतें. झिजलेला भाग तपासणींत दिसतो व बदलतां येतो, पण तडा गेलेला भाग एकाएकीं तुटूं शकतो. म्हणून धातु आधीं तापवून घेणें, कठीण भुकटीचें प्रमाण थराथरानें वाढविणें, असे उपाय योजतात. उष्णता अधिक झाली तर मूळ धातु फार मिसळून कवच मऊ पडतें, कमी झाली तर तें नीट सांधलें जात नाहीं.

त्यामुळें अशा कवचाची परीक्षा दुहेरी असावी लागते. तें घासून पाहिलें पाहिजे, आणि वारंवार ताण देऊनहि पाहिलें पाहिजे. दोन्ही कसोट्यांस उतरेल, तेंच कवच विमानांतील प्रवाशाच्या वा खुबा बदललेल्या रोग्याच्या भरंवशास पात्र समजावें.