दारापाशीं थांबलेला अनोळखी मनुष्य
(दुष्काळनिवारण समितीच्या वार्षिक सभेंत देणगीदार मंडळींपुढें केलेलें भाषण)



जमाखर्चाचे आंकडे चिटणीस आपल्यापुढें ठेवणारच आहेत, आणि वर्गणीची विनंति अध्यक्षांनीं माझ्यापेक्षां चांगल्या शब्दांत केली आहे. मला ज्या गोष्टीविषयीं बोलावयाचें आहे तिला पैसा फारसा लागत नाहीं. म्हणूनच कीं काय, ती आपल्या अहवालांत आजवर कधीं आली नाहीं. पहांटें दुकान उघडतांना ओट्याच्या कडेला, देवळाच्या पारावर किंवा बाजारांतील पत्र्याच्या निवाऱ्याखालीं एखादा अनोळखी मनुष्य गांठोडें उशाशीं घेऊन पडलेला दिसतो, आणि आपण त्यास पाहून न पाहिल्यासारखें करितों. तेवढीच ती गोष्ट.

असा मनुष्य दिसला कीं आपल्या मनांत तीनच तर्क येतात. चोर असेल, दारूबाज असेल, किंवा धंद्याचा भिकारी असेल. पाऊसपाणी ठीक असतां यांपैकीं एखादा तर्क खराही ठरत असेल. परंतु ज्या सालीं मृगाचा पेरा वाळून जातो आणि परतीचा पाऊसही तोंड फिरवितो, त्या सालीं चौथा तर्क आधीं केला पाहिजे, कीं हा मनुष्य परवापर्यंत घरदाराचा धनी असेल.

ही माझी कल्पना नव्हे. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळानें दख्खन व मद्रास इलाखा उजाड केल्यावर सर रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखालीं कमिशन बसलें. त्याचा अहवाल १८८० सालीं निघाला, व त्याच्या आधारें प्रांतोप्रांतीं दुष्काळाचे नियम तयार झाले. दुष्काळ जवळ आल्याचीं कांहीं चिन्हें त्या नियमांत सांगितलीं होतीं. धान्याच्या व्यापाराची एकाएकीं धांदल उडणें, शेतकऱ्यास कर्ज मिळेनासें होणें, गुन्हे वाढणें, गुरें चाऱ्यासाठीं भलत्याच दिशेस हांकलीं जाणें, आणि लोक घरें सोडून भटकूं लागणें. म्हणजे परका मनुष्य गांवांत दिसणें ही त्या नियमांच्या दृष्टीनें बातमी होती, व ती वरपर्यंत पोंचविणें हें गांवकामगारांचें काम मानलें जाई. ते नियम कृपण होते, आणि मजुरीच्या बाबतींत तर निष्ठुरही होते. तरी ही एक गोष्ट त्यांत शहाणपणाची होती, असें मला वाटतें.

ही बातमी येते ती मात्र फार उशिरां येते. शेतकरी घर सोडतो तें सर्वांत शेवटीं. प्रथम बायकोच्या अंगावरचा डाग जातो, मग शेरडें, मग बैल, मग भांडीं. सर्वांचे बैल एकाच आठवड्यांत बाजारांत येतात, म्हणून बैलाची किंमत पडते. त्याच आठवड्यांत धान्याची चढते. ज्या जोडीच्या पैशांत एरव्हीं घरांत वर्षाचें धान्य आलें असतें, त्या पैशांत आतां कांहीं महिन्यांचेंही येत नाहीं. हें गणित या सभेंतील मंडळींस शिकवावें असें मुळींच नाहीं. त्याच्या दोन्ही बाजू आपल्याच वह्यांत लिहिलेल्या असतात. उधारी प्रथम आपणच बंद करितों. ती बंद करणें व्यापाराच्या दृष्टीनें चूक असेंही मी म्हणत नाहीं. परंतु जो मनुष्य आपल्या ओट्यावर येऊन पडतो, त्यास तेथपर्यंत आणण्यांत आपला कांहीं हात नाहीं असें समजणें बरोबर नव्हे.

बरें, असा मनुष्य मागतही नाहीं. धंद्याचा भिकारी हात पुढें करितो. ज्याला मागण्याची संवय नाहीं तो भिंतीकडे तोंड करून निजतो. अनंतशास्त्री डोंगरे यांचें कुटुंब १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यांतील दुष्काळांत सांपडलें. घरांत विद्या होती, परंतु अंगमेहनत ठाऊक नव्हती आणि मागावयाची लाज होती. शास्त्रीबोवा वारले, त्यांची पत्नी वारली, मोठी मुलगीही गेली. उरलेलीं दोन भावंडें पायीं भटकत १८७८ सालीं कलकत्त्यास पोंचलीं, आणि तेथील विद्वानांनीं त्यांतील बहिणीस ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. त्याच पंडिता रमाबाई. वाटेंत किती ओट्यांवर त्या भावंडांनीं रात्र काढली असेल, आणि किती घरच्यांनीं त्यांस सकाळीं उठविलें असेल! पुढें १८९६-९७ च्या दुष्काळांत बाई स्वतः मध्यप्रांतांत गेल्या व उपाशी मुलींस केडगांवीं घेऊन आल्या. कोणाकडे पाहावें हें त्यांस कोणी सांगावें लागलें नाहीं.

याच्या उलट उदाहरण बंगालचें आहे. १९४३ सालीं खेड्यांतून हजारों माणसें कलकत्त्याच्या पदपथांवर आलीं. भात मागण्याचा धीर नाहीं, म्हणून भाताची पेज मागत. धान्यानें भरलेल्या दुकानांच्या पायऱ्यांवर मरत. लोकांनीं खिचडीचीं केंद्रें उघडलीं हें खरें. पण त्या वर्षाच्या ऑक्टोबरांत वटहुकूम निघून ह्या निराश्रितांस गोळा करून शहराबाहेर नेण्यास प्रारंभ झाला. दृष्टीआड केलें म्हणजे निवारण झालें, असें शहरास वाटलें असावें. सरकारी चौकशी कमिशननें १९४५ सालीं मृत्यूंचा अंदाज सुमारें १५ लाख केला. पुढील अभ्यासकांचे अंदाज याहून पुष्कळ मोठे आहेत.

आतां दुसऱ्यांचें पुरे. २०१३ च्या उन्हाळ्यांत, मराठवाड्यांत पाणी नाहींसें झालें तेव्हां, माझ्या आडत दुकानाच्या वजनकाट्याजवळ एक म्हातारा व एक दहाबारा वर्षांचा मुलगा दोन रात्री निजले होते. मालाच्या थप्प्या बाहेर होत्या. मीं रखवालदारास सांगितलें, यांना दुसरीकडे जावयास सांग. त्यानें सांगितलें व तीं दोघें निमूटपणें उठून गेलीं. दुपारीं आमचा एक हमाल मला म्हणाला, ‘शेठ, ते आपलेच गिऱ्हाईक हो. दोन वर्षांमागें सोयाबीन आपल्याकडेच घालीत होते.’ त्यानें काल रात्रीं आपल्या डब्यांतली भाकरी त्यांस दिली होती. बैल विकावयास आणले, ते पडत्या भावानें गेले, पैसे देणेकऱ्यानें बाजारांतच घेतले, आणि रिकाम्या हातानें घरीं कसें जावें म्हणून म्हातारा येथेंच राहिला. मुलाच्या अंगांत ताप होता. मीं वही काढली. नांव होतें, गांव होतें, माझ्या हातची सही होती. बसस्थानकावर गेलों, दवाखान्यांत विचारलें, गांवीं निरोप धाडला. तीं दोघें कोठें गेलीं तें मला आजतागायत समजलेलें नाहीं.

तेव्हां समितीच्या वतीनें माझें मागणें असें आहे. उजेडीं जावें, उभें राहून न विचारतां जवळ बसावें, आणि ‘येथें काय करतोस’ याऐवजीं ‘पाहुणे, कोणत्या गांवचे?’ असें विचारावें. बरोबर कोण आहे, पोटांत अन्न जाऊन किती दिवस झाले, हें त्यापुढें आपोआप निघतें. बाई एकटी असेल तर घरांतील बाईनें विचारावें. पाणी आधीं द्यावें.

अन्नाविषयीं मात्र सावध राहावें, कारण येथें चांगल्या माणसांच्या हातून घात होतो. बरेच दिवस उपाशी असलेल्यास पोटभर पक्वान्न घालूं नये. एकदम गोडधोड व पिष्टान्न पोटांत गेल्यास रक्तांतील क्षार झपाट्यानें उतरतात व हृदय बंद पडूं शकतें. १९४५ सालीं जर्मनीतील बेल्सनची छावणी मुक्त झाली तेव्हां सैनिकांनीं दयेनें दिलेलें जड अन्न सोसलें न जाऊन कित्येक कैदी दगावले. पातळ पेज, चिमूटभर मीठ, थोडी थोडी, वारंवार. आणि अशक्तपणा फार दिसला तर १०८ ला कळवून वैद्यकीय मदत आणावी. मूल एकटें असेल तर १०९८ वर सांगावें. आईबापांबरोबर असेल तर कितीही दया आली तरी त्यांच्यापासून दूर नेऊं नये.

पोलिसांस बोलावण्यापूर्वीं विचार करावा. १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्याच्या व्याख्येंत, उपजीविकेचें साधन दिसत नसतां भिकेवर जगत असावा अशा स्थितींत भटकणारा मनुष्यही धरला आहे, मग त्यानें हात पसरलेला असो वा नसो. आपण मदत म्हणून बोलवावें, आणि त्याची मात्र कोठडींत रवानगी व्हावी, हें घडूं शकतें. जमीनदार मंडळींनीं गोठ्याची एक पडवी व रात्रीं चालू राहणारा एक नळ एवढें जरी मोकळें ठेविलें तरी पुष्कळ झालें.

शेवटची गोष्ट नोंदीची. १८७६-७७ सालीं पुण्याच्या सार्वजनिक सभेनें गणेश वासुदेव जोशी यांच्या पुढाकारानें गांवोगांवची हकीगत गोळा करून सरकारापुढें मांडली. त्या कामास दारूगोळा लागला नाहीं, कागद व खबर देणारे लागले. एकाच गांवचीं तीन माणसें आठवड्यांत तीन निरनिराळ्या ओट्यांवर दिसलीं, तर त्या गांवची विहीर आटली आहे किंवा तेथें काम निघालेलें नाहीं हें समितीस तहसिलीच्या कागदापूर्वीं कळतें. मग टँकर, चारा छावणी किंवा मजुरीचें काम यांसाठीं नेमकें बोट ठेवून भांडतां येतें. १९७२ च्या दुष्काळांत लाखों माणसें खडी फोडीत होतीं. त्या अनुभवानंतर आपल्या राज्यानें वि. स. पागे यांची रोजगार हमीची कल्पना १९७७ सालीं कायद्यांत आणली. परंतु काम मागणारा घर सोडून तुमच्या पायरीवर आला असेल, तर त्याच्या गांवीं तें कोण मागणार?

यासाठीं या अहवालाच्या शेवटीं कोरे तक्ते बांधले आहेत. त्यांत तारीख, गांव, माणसें किती, घर केव्हां सोडलें व काय हवें, एवढेंच लिहावयाचें. नांव सांगावयाचें नसेल तर विचारूं नये. दर शनिवारीं संध्याकाळीं समितीचा मनुष्य दुकानोदुकानीं येऊन भरलेले तक्ते घेऊन जाईल. ज्यांस जास्त तक्ते लागतील त्यांनीं आज जातांना चिटणिसांकडून घ्यावे.