अ‍ॅपचा प्रकाशक कोण : व्यक्ती की कंपनी?



मोबाइलसाठी अ‍ॅप तयार करणे हे आज महाविद्यालयीन विद्यार्थ्यालाही साध्य होणारे कौशल्य आहे. तथापि, तयार झालेले अ‍ॅप लोकांपर्यंत पोहोचवायचे तर गूगल प्ले किंवा अ‍ॅपलचे अ‍ॅप स्टोअर यांवर विकासकाचे खाते उघडावे लागते. तेथे आरंभीच विचारणा होते : खाते वैयक्तिक हवे की संस्थेचे? वरवर पाहता हा अर्जातील एक रकाना आहे. वस्तुतः अ‍ॅपवर हक्क कोणाचा, उत्पन्न कोणाचे आणि कोणाची हानी झाल्यास उत्तरदायी कोण, हे तिन्ही प्रश्न त्या रकान्याशी निगडित आहेत.

या प्रश्नांचे मूळ कंपनी कायद्यातील एका जुन्या तत्त्वात आहे. १८९६ साली ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने सॉलोमन खटल्यात असा निर्णय दिला की, विधिवत नोंदलेली कंपनी ही तिच्या भागधारकांहून निराळी कायदेशीर व्यक्ती होय. कंपनीचे ऋण हे भागधारकाचे ऋण नव्हे. त्याचे दायित्व त्याच्या भागाच्या रकमेपुरते मर्यादित राहते. कपट सिद्ध झाल्यास न्यायालय हा पडदा दूर सारू शकते, हा त्यास अपवाद आहे.

भारतात उद्योजकापुढे प्रामुख्याने चार पर्याय असतात. पहिला एकल मालकीचा. दुकानाला नाव असते, वस्तू व सेवा कराची नोंदणीही असू शकते. परंतु कायद्याच्या दृष्टीने मालक आणि व्यवसाय एकच असतात. व्यवसायाचे देणे मालकाच्या घरादारापर्यंत पोहोचू शकते. दुसरा पर्याय २००८ च्या कायद्यान्वये अस्तित्वात आलेल्या मर्यादित दायित्व भागीदारीचा, तिसरा खासगी मर्यादित कंपनीचा आणि चौथा एक व्यक्ती कंपनीचा. या अखेरच्या प्रकाराची शिफारस डॉ. जे. जे. इराणी समितीने २००५ मध्ये केली आणि कंपनी अधिनियम, २०१३ मध्ये तिला स्थान मिळाले. १ एप्रिल २०२१ पासून तिच्यावरील भांडवल व उलाढालीच्या मर्यादा हटविण्यात आल्या आणि अनिवासी भारतीयांनाही ती स्थापन करण्याची मुभा मिळाली. एकट्याने अ‍ॅप बनविणाऱ्या तरुणास मर्यादित दायित्वाचा मार्ग त्यामुळे सुलभ झाला.

आता मंचांचे नियम पाहू. गूगल नोंदणीसाठी एकदाच २५ अमेरिकी डॉलर आकारते, तर अ‍ॅपल दरवर्षी ९९ डॉलर. या मूळ शुल्कात व्यक्ती व संस्था असा भेद नाही. भेद आहे तो पडताळणीत. संस्थेच्या खात्यासाठी डन अँड ब्रॅडस्ट्रीट या संस्थेकडून मिळणारा नऊ अंकी ‘डी-यू-एन-एस’ क्रमांक आवश्यक असतो. अ‍ॅपल केवळ व्यापारी नाव ग्राह्य धरत नाही. एकल मालकाला तेथे व्यक्ती म्हणूनच नोंदणी करावी लागते आणि विक्रेता म्हणून त्याचे कायदेशीर नाव झळकते. गूगल प्लेवर वैयक्तिक खात्यातील अ‍ॅपमधून उत्पन्न मिळू लागले की विकासकाचा संपूर्ण पत्ता जाहीर होतो. घरातून काम करणाऱ्या व्यक्तीने, विशेषतः तरुणींनी, ही बाब आधीच विचारात घेणे हितावह ठरते.

गूगलने आणखी एक अट घातली आहे. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना अ‍ॅप सर्वांसाठी खुले करण्यापूर्वी मर्यादित चाचणी घ्यावी लागते. आरंभी किमान २० परीक्षकांनी सलग १४ दिवस चाचणीत सहभागी असणे आवश्यक होते. डिसेंबर २०२४ मध्ये ही संख्या १२ करण्यात आली. संस्थेच्या खात्यास ही अट नाही. याउलट वित्तीय सेवा, वैद्यकीय उपयोग, व्हीपीएन आणि शासकीय सेवा या वर्गांतील अ‍ॅपसाठी गूगल संस्थेचे खातेच मागते. जेथे लोकांचा पैसा, आरोग्य वा गोपनीयता पणास लागते, तेथे ओळख पटलेली संस्था समोर असावी, हा त्यामागील हेतू स्पष्ट आहे.

मग प्रत्येकाने कंपनीच स्थापावी काय? तसे नाही. १५ लाख रुपयांपर्यंतच्या अधिकृत भांडवलावर केंद्राचे नोंदणी शुल्क माफ असले, तरी राज्याचे मुद्रांक शुल्क आणि व्यावसायिकांचे मानधन राहतेच. खरा भार नंतरचा असतो. उत्पन्न शून्य असले तरी कंपनीला दरवर्षी लेखापरीक्षण करावे लागते, वित्तीय विवरणे व वार्षिक विवरणपत्र दाखल करावे लागते. विलंब झाल्यास प्रत्येक विवरणपत्रामागे दररोज १०० रुपये अतिरिक्त शुल्क पडते. सलग तीन वित्तीय वर्षे कसूर झाल्यास संचालक अपात्र ठरतो. मर्यादित दायित्व भागीदारीस त्यामानाने सवलत आहे. उलाढाल ४० लाख किंवा भागीदारांचे योगदान २५ लाख रुपयांहून अधिक झाल्याशिवाय तिला या कायद्याखाली लेखापरीक्षण सक्तीचे नाही. करआकारणीतही फरक पडतो. व्यक्तीस उत्पन्नाच्या टप्प्यांनुसार कर लागतो. कंपनी आधी आपल्या नफ्यावर कर भरते आणि उरलेला नफा लाभांश म्हणून वाटला की तो भागधारकाच्या हाती पुन्हा करपात्र होतो.

समजा, तीन सहाध्यायींनी एस. टी. च्या वेळापत्रकाचे अ‍ॅप बनविले आणि सोयीसाठी एकाच्या वैयक्तिक खात्यातून प्रसिद्ध केले. अ‍ॅप लोकप्रिय झाले, जाहिरातींचे उत्पन्न येऊ लागले. मंचाच्या दृष्टीने करार एकाशीच झालेला आहे. पैसा त्याच्याच बँक खात्यात जातो आणि प्राप्तिकर खातेही प्रथम त्यालाच विचारणा करते. प्रतिलिप्यधिकार अधिनियम, १९५७ नुसार संगणक आज्ञावली ही साहित्यकृती मानली जाते व सामान्यतः तिचा पहिला स्वामी निर्माता असतो. म्हणजे अन्य दोघांचा हक्क नाहीसा होत नाही, परंतु तो शाबीत करण्याचा भार त्यांच्यावर पडतो. मैत्री तुटते ती बहुधा याच वळणावर. पुढे कंपनी स्थापिली, तरी आधी लिहिलेली आज्ञावली आपोआप कंपनीची होत नाही. त्यासाठी स्वाक्षरी केलेले लेखी अभिहस्तांतरण लागते.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ मुळे या निवडीस अधिक गांभीर्य आले आहे. माहितीचा वापर कशासाठी व कसा करायचा हे ठरविणारी कोणतीही ‘व्यक्ती’ या कायद्याखाली उत्तरदायी असून तीत एकटा विकासकही येतो. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून प्रमुख कर्तव्यांसाठी १८ महिन्यांचा अवधी ठेवण्यात आला आहे. माहितीच्या सुरक्षेत कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

सारांश, अभ्यासासाठी वा हौसेसाठी एकट्याने बनविलेले आणि लोकांची माहिती न साठविणारे अ‍ॅप वैयक्तिक खात्यातून प्रसिद्ध करणे रास्त आहे. निर्माते एकाहून अधिक असतील, गुंतवणूक अपेक्षित असेल किंवा लोकांचा पैसा व खासगी माहिती हाताळायची असेल, तर आधी संस्था स्थापन करावी, मग खाते उघडावे. प्रारंभी वैयक्तिक खाते निवडले म्हणून वाट कायमची बंद होत नाही. दोन्ही मंचांवर अ‍ॅपचे हस्तांतरण शक्य आहे आणि गूगल प्लेवर वापरकर्ते व अभिप्रायही अ‍ॅपसोबत जातात. भागीदारांमधील अलिखित समजूत मात्र अशी हस्तांतरित होत नाही. ती पहिल्याच दिवशी कागदावर उतरविणे श्रेयस्कर.