लेण्यातली पोढी आणि आपला स्लॅब

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला 'इमारती आणि निसर्ग' यावर बोलायला सांगितले आहे. मी काही इंजिनियर नाही. सूतगिरणीत तीस वर्षे गेली, वाचन झाले ते पाळ्या सांभाळून. पण खात्यातली हवा कोरडी पडली की धागा तटातट तुटतो, म्हणून तिथे मशीन लावून ओलावा राखतात, हे मला ठाऊक आहे. धाग्याची एवढी काळजी! आपण राहतो त्या घरातली हवा मात्र कोणी बघत नाही.

आपल्या अंबडच्या जवळच त्रिरश्मी डोंगर. लोक पांडवलेणी म्हणतात, पण पांडवांचा तिथे काही संबंध नाही. ही चोवीस लेणी भिक्खूसंघाची. भर उन्हाळ्यात दुपारी तिथे जाऊन बसा, अंगाला गारवा लागतो. कारण साधे आहे. लेण्यांची तोंडे उत्तरेला-ईशान्येला, त्यामुळे दुपारचे ऊन आत येत नाही. पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, तो डोंगर पाठीवर घेतो. वर जाड कातळ, पुढे ओसरी.

नहपान राजाचा जावई उषवदात याचा दहाव्या लेण्यात लेख आहे, सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. त्यात लेणे केले असे आहे, आणि 'पोढी' केल्या असेही आहे. पोढी म्हणजे कातळात खोदलेले पाण्याचे टाके. घर दिले तर पाणीही द्यायचे, ही त्या दात्याची रीत.

त्याचाच दुसरा लेख वाचून तर मला गिरणीवाल्याला फार बरे वाटले. त्याने ३००० कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले, २००० एकीकडे, १००० दुसरीकडे. मुद्दल परत घ्यायचे नाही, नुसते व्याज वापरायचे. त्यातून वर्षावासाच्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण. आपण नेमके उलटे करतो. जमिनीतले पाणी म्हणजे मुद्दल, ते बोअर मारून उपसतो. पाऊस म्हणजे व्याज, ते गटारात सोडतो!

आता आपल्या विहाराचे बोलतो. वर्गणीतून स्लॅब पडला तेव्हा मीही कमिटीत होतो. चोरीच्या भीतीने खिडक्या लहान ठेवा, असे मीच म्हणालो. चूक माझी. बुद्धजयंतीला म्हाताऱ्या बाया वंदना अर्धी टाकून बाहेर पिंपळाखाली जाऊन बसल्या. आता वरच्या मजल्याचा ठराव आला आहे, आणि त्यासाठी तोच पिंपळ काढा म्हणतात. आपल्याच विहारात बोधिवृक्षावर कुऱ्हाड? मला हे पटत नाही.

कातळ कोरायला आपल्याकडे डोंगर नाही, कबूल. पण समोरासमोर मोठ्या खिडक्या ठेवता येतात, वर छज्जा दोन हात पुढे काढता येतो, स्लॅबला चुन्याचा पांढरा हात देता येतो. आणि हिशेब करा, हजार चौरस फूट स्लॅबवर एक इंच पाऊस पडला तर सुमारे २३५० लिटर पाणी होते. टाकी बांधली तर पुढच्या दाराच्या नळाला दोन दिवस पाणी आले नाही तरी कार्यक्रम अडणार नाही.

रविवारी बैठक आहे. महिला मंडळाने जरूर यावे, आतला उकाडा त्याच सोसतात. मी मापे घेऊन येतो. पन्हळ बसवायची मजुरी मी घेणार नाही.

जयभीम.