सरोवराकाठची दीपगृहे आणि जागणारी माणसे



कामगार चळवळीतला माणूस दीपगृहांवर बोलणार, हे पत्रकात वाचून आपल्यापैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीतल्या पुस्तकांनी आणि गेटसभांनी केले. त्यामुळे कोणतीही इमारत पाहिली की ती कोणी बांधली आणि रात्रपाळीला तिथे कोण असे, हे विचारण्याची मला खोड लागली आहे. मुलीकडे अमेरिकेत मिनिसोटा राज्यात गेलो असताना लेक सुपीरिअरच्या काठची जुनी दीपगृहे पाहिली, तेव्हाही ही खोड सुटली नाही. आजचे व्याख्यान म्हणजे त्या विचारपुशीचा वृत्तांत होय.

सरोवर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे रंकाळा उभा राहतो. हे सरोवर ८२ हजार चौरस किलोमीटरचे आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्श्याहून मोठे! सर्वांत खोल जागी ४०६ मीटर पाणी. पाणी गोडे, पण लाटा समुद्राच्या. नोव्हेंबरात तिथे भयंकर वादळे होतात, आणि हिवाळ्यात बंदरे गोठण्यापूर्वी शेवटची खेप काढण्याची घाईही त्याच सुमारास असते. माल कोणता? लोहखनिज. टू हार्बर्स बंदरातून ते १८८४ पासून निघू लागले. तेथले विटांचे दीपगृह १८९२ चे असून त्याचा दिवा अजून चालू आहे.

आता १९०५ सालच्या नोव्हेंबरची २८ तारीख ध्यानात घ्या. त्या वादळात दोन डझनांहून अधिक जहाजे सापडली. ‘मटाफा’ नावाचे जहाज डुलुथ बंदरात शिरता शिरता धक्क्यावर आदळले आणि किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर मोडून पडले. बंदराच्या तोंडाशी दीपगृह होते. हजारो नागरिक काठावर शेकोट्या पेटवून रात्रभर उभे होते. पण बचावपथक आधीच दुसऱ्या जहाजाकडे गेले होते. सकाळी माणसे जहाजापर्यंत पोहोचली, तेव्हा मागच्या भागातले नऊ खलाशी मृत्यू पावले होते. मंडळी, दिवा होता, बघणारे होते, हळहळणारे होते. वेळेवर पोहोचणारे हात मात्र कमी पडले. ही गोष्ट मनात ठेवा, पुढे ती लागणार आहे.

त्याच वादळात डुलुथच्या ईशान्येला ‘मडीरा’ ही ओढून नेली जाणारी मालवाहू नौका उंच कड्यावर आपटली. फ्रेड बेन्सन नावाच्या खलाशाने दोर घेऊन कड्यावर उडी घेतली, तो कडा चढला आणि त्याने सोबत्यांना वर घेतले. एक जण तरीही गेला.

यानंतर हालचाल सुरू झाली. त्या सरोवरात खलाशी पूर्वीही बुडत होतेच. परंतु या वेळी बड्या पोलाद कंपनीच्या ताफ्याला मोठी खोट आली होती. कंपनीचे अधिकारी वॉशिंग्टनला गेले आणि १९०७ साली अमेरिकन काँग्रेसने पाऊण लाख डॉलर मंजूर केले. त्यातून स्प्लिट रॉक दीपगृह उभे राहिले. कड्याची उंची सुमारे ४० मीटर. तिथवर रस्ता नव्हता. प्रत्येक वीट, प्रत्येक तुळई बोटीने आणून वाफेच्या डेरिकने वर ओढावी लागली. ३१ जुलै १९१० रोजी दिवा लागला.

आज प्रवासी तिथे जातात ते पॅरिसहून आणलेले मोठे लोलकी भिंग पाहायला. ते पाहण्याजोगे आहेच. कित्येक मण वजनाची ती काच पाऱ्यावर तरंगते आणि बोटाच्या धक्क्याने फिरते. आत रॉकेलची मेंटलची बत्ती असे, आपल्या वरातीतल्या पेट्रोमॅक्सच्या जातीची. दर दहा सेकंदांनी एक झोत पडे. पण भिंग फिरवत ठेवण्यासाठी घड्याळासारखी वजने असत, आणि ती दर दोन तासांनी हाताने चावी फिरवून वर चढवावी लागत. धुके आले की भोंगा सुरू ठेवायचा. गिरणीचा भोंगा पाळीला एकदा होतो. हा धुके असेपर्यंत चालायचा. एक मुख्य रक्षक आणि दोन मदतनीस, एवढ्यांवर सारा कारभार. पहिल्याच वर्षी ऑक्टोबरात ते दोघे मदतनीस होडीने टपालासाठी गेले असताना बुडून मेले. जहाजे वाचवायला दिवा बांधला गेला, आणि तिथे सर्वांआधी बुडाली ती दिवा राखणारी माणसे!

१९४० साली तिथे वीज आली. १९६९ साली दीपगृह बंद झाले. रेडिओ आणि रडार आले होते, त्यामुळे त्याची गरज उरली नाही. यात रडण्यासारखे काही नाही. रात्री दर दोन तासांनी उठावे लागू नये, यासाठीच यंत्र असते, आणि यंत्राशी माझे वैर नाही. प्रश्न पुढचा आहे.

सरोवराच्या पूर्व टोकाला, मिशिगन राज्यात, व्हाइटफिश पॉइंट नावाचे ठिकाण आहे. तेथला मनोरा १८६१ चा. तिथेही माणूस काढून स्वयंचलित व्यवस्था केली होती. १० नोव्हेंबर १९७५ ची संध्याकाळ. ‘एडमंड फिट्झजेराल्ड’ हे २२२ मीटर लांबीचे जहाज सुमारे २६ हजार टन लोहखनिज घेऊन वादळातून त्या टोकाकडे येत होते. जहाजाची दोन्ही रडारे निकामी झाली होती. आणि नेमका त्याच संध्याकाळी वादळाने टोकावरचा दिवा व रेडिओ-संकेत दोन्ही बंद पडले. दिवा पुन्हा लागला; संकेत मिळेना. टोकापासून सुमारे २७ किलोमीटरवर जहाज बुडाले. २९ माणसे होती. एकही वाचला नाही.

जहाज त्यामुळेच बुडाले, असे कोणी सिद्ध केलेले नाही. मी तसे म्हणणार नाही. पुराव्यापलीकडे बोलणाऱ्याची मागणी पहिल्याच बैठकीत कोसळते. मी म्हणतो ते एवढेच : माणूस काढताना त्याचा पगार वाचतो तो हिशेबात दिसतो, यंत्र बंद पडेल त्या रात्री तिथे कोण असेल, हे कोणत्या रकान्यात लिहायचे?

आता व्हाइटफिश पॉइंटला संग्रहालय आहे. १९९५ साली जहाजाची घंटा वर काढली, ती तिथे आहे. तिच्या जागी २९ नावे कोरलेली नवी घंटा पाण्याखाली ठेवली. स्प्लिट रॉकचा विझलेला दिवा दर वर्षी १० नोव्हेंबरला पुन्हा लावतात, नावे वाचतात, प्रत्येक नावाला घंटेचा एक टोल देतात, आणि तिसावा टोल त्या सरोवरांत बुडालेल्या सर्वांसाठी. अधिकाऱ्याचे नाव आणि स्वयंपाक्याचे नाव एकाच यादीत येते. एवढा मान जिवंतपणी मिळाला तर किती बरे होईल!

श्रोतेहो, आपल्यातले कोणी मुलाबाळांकडे तिकडे जातील, कोणी आपल्याच कोकणकिनाऱ्यावरची दीपगृहे पाहतील. भिंग जरूर पाहा. पण त्याखालची चावी फिरवायचा दांडा शोधा, आणि रक्षकांच्या घरांत डोकावून या. मग आपल्या गावचे रेल्वे-फाटक, पाणीपुरवठ्याचे पंपघर, रुग्णालयाचा रात्रीचा विभाग यांच्याकडे पाहा. तिथेही कोणीतरी दर दोन तासांनी उठत आहे. त्याचे नाव आपल्याला ठाऊक असावे. ते घंटेवर कोरण्याची वेळ येण्यापूर्वी ठाऊक असावे.