घर कोणाकडे राहणार?



नवरा-बायकोचे पटेनासे झाले की दोन्हीकडची माणसे बैठकीला बसतात. बोलणे फिरून फिरून दोन गोष्टींवर येते: लेकरू कोणाकडे आणि पैसे किती. घराचा विषय निघत नाही, कारण त्याचे उत्तर सगळ्यांनी आधीच गृहीत धरलेले असते. घर नवऱ्याचे, बाईने माहेरी जायचे. हे इतके अंगवळणी पडले आहे की असे कोणत्या कायद्यात लिहिले आहे, हे विचारायलाही कोणी धजत नाही. ते कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही. कौटुंबिक दाव्यांचे काम करणारी वकील म्हणून आज मला याच राहून गेलेल्या विषयावर बोलायचे आहे.

यवतमाळहून दारव्ह्याकडे जाताना अडाण नदीकाठी बोरी अरब लागते. तिथले एक घर समजा. माणसे काल्पनिक आहेत, परिस्थिती मात्र आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. मागच्या दोन मातीच्या खोल्या सासऱ्याने बांधलेल्या. पुढची स्लॅबची खोली घरकुलाच्या पैशातून उभी राहिलेली. पैसे अपुरे पडले तेव्हा सुनेने बचत गटातून कर्ज काढले आणि रोजंदारी करून फेडले. मागे बैलांचा कोठा. दिवाळीनंतर कापूस घरात आला की भाव वाढेपर्यंत एक खोली आढ्यापर्यंत भरलेली. खिडकीपाशी तिची शिलाई मशीन. आणि ग्रामपंचायतीच्या दप्तरात नाव सासऱ्याचे.

आता हा संसार मोडतो आहे. घर कोणाचे?

कागद म्हणेल, सासऱ्याचे. नवरा म्हणेल, बापाचे म्हणजे माझे. बाईला काही म्हणता येत नाही, कारण तिच्या हप्त्यांची नोंद बचत गटाच्या वहीत आहे, घराच्या उताऱ्यावर नाही. शिवाय तिच्यासाठी घर म्हणजे नुसते छप्पर नव्हे. रेशन कार्ड त्या पत्त्यावर, रोजगार हमीचे जॉब कार्ड त्या कुटुंबाच्या नावे, बचत गट त्या मोहल्ल्यातला, लेकराची शाळा तिथून चालत जाण्याच्या अंतरावर, शिवणकामाची गिऱ्हाइके शेजारपाजारची. घर सुटले की एका दिवसात हे सगळे सुटते. म्हणूनच घराचा निर्णय शेवटी, उरलासुरला म्हणून घ्यायचा नसतो.

कायदा काय देतो, ते नीट समजून घेऊ.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे, आणि तो सर्व धर्मांच्या स्त्रियांसाठी आहे. त्याचे १७ वे कलम सांगते की सामाईक घरात राहण्याचा स्त्रीला हक्क आहे, घर तिच्या नावे असो वा नसो. कायदेशीर मार्गाशिवाय तिला बाहेर काढता येत नाही. कुलूप लावून नाही, सामान अंगणात फेकून नाही, भाऊबंद जमवून तर नाहीच. छळ होत असेल तर १९ व्या कलमाखाली न्यायदंडाधिकारी तिला त्याच घरात राहू देण्याचा हुकूम करू शकतात, किंवा नवऱ्याने त्याच दर्जाचे दुसरे घर घेऊन द्यावे, त्याचे भाडे भरावे, असेही सांगू शकतात.

पण घर सासऱ्याचे असेल तर? बरीच वर्षे इथेच अडत होते. डिसेंबर २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की सासूच्या मालकीच्या घरावर सुनेला असा हक्क सांगता येणार नाही. १५ ऑक्टोबर २०२० रोजी न्यायमूर्ती अशोक भूषण यांच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने तो निकाल चुकीचा ठरवला. घर नवऱ्याच्या नातेवाइकाच्या मालकीचे असले, तरी ती तिथे संसार करून राहिली असेल तर ते सामाईक घर होऊ शकते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये न्यायालयाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. ज्येष्ठ नागरिकांसाठीचा २००७ चा कायदा केवळ सुनेला घराबाहेर काढण्याचे हत्यार म्हणून वापरता येणार नाही. म्हाताऱ्या सासू-सासऱ्यांच्या शांततेलाही मोल आहे. न्यायालयाला दोन्ही बाजू तोलाव्या लागतात. तोलायच्या म्हणजे एका बाजूला पारड्यातूनच उतरवायचे नाही.

श्रोतेहो, आता सर्वांत महत्त्वाचे ऐका. हा हक्क राहण्याचा आहे, मालकीचा नाही. आणि तो मुख्यतः लग्नाच्या नात्यावर उभा आहे. नाते कायद्याने संपले की त्याचा आधार डळमळतो. घटस्फोट होऊन गेलेल्या आणि घर आधीच सोडलेल्या स्त्रीला या कायद्याखाली तिथे राहण्याचा हक्क मागता येणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०२२ मध्ये सांगितले. म्हणजे घटस्फोटाचा हुकूमनामा हाती आल्यावर घराचे बघू, असे म्हणणाऱ्या बाईच्या हातात फारसे काही उरत नाही. घराचे आधी ठरवा, शेवटची सही नंतर करा. आजच्या भाषणातले एकच वाक्य लक्षात ठेवायचे असेल, तर हे ठेवा.

आपल्या शेजारी गोव्यात चित्र वेगळे आहे. तिथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतली कौटुंबिक तरतूद अजून चालते. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक धरली जाते, दोघांचा हिस्सा निम्मा-निम्मा. घर विकायचे तर दोघांची संमती लागते. आपल्याकडे हिंदू विवाह कायदा १९५५ चा आहे, पण संसारात उभ्या केलेल्या घराची वाटणी कशी करायची, यावर तो जवळजवळ गप्प आहे. लग्नात दोघांना मिळून आलेल्या वस्तूंबद्दल त्यात २७ वे कलम आहे, पोटगीसाठी २५ वे आहे. नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेतून बायकोला वाटा द्यावा, अशी सुधारणा राज्यसभेने ऑगस्ट २०१३ मध्ये मंजूर केली होती. लोकसभेत ती मंजूर झाली नाही आणि त्या लोकसभेची मुदत संपताच रद्द झाली. ही उणीव मोठी आहे, आणि ती भरून निघेपर्यंत आपले आपल्यालाच सावध राहावे लागेल.

मग घराचे करायचे काय? शहरात सल्ला सोपा असतो: विका आणि पैसे वाटून घ्या. गावात हा सल्ला चालत नाही. गावठाणातल्या घराला गिऱ्हाईक कोण? बहुतेक वेळा भिंतीला भिंत लागून असलेला भाऊबंदच. तो अडलेल्याकडून पडत्या भावात मागतो. आणि मागे म्हातारी माणसे राहत असतील तर विकणे योग्यही नाही.

दुसरा तोडगा काढतात तो मधे भिंत घालण्याचा. खोली तुला, खोली मला, अंगण एक. माझे मत स्पष्ट आहे: ज्या घरात मारहाण झाली तिथे हा तोडगा सुचवूसुद्धा नये. जिथे नुसते पटले नाही आणि दोघेही समजूतदार आहेत, तिथेही दार, पाणी आणि विजेचे मीटर वेगळे झाल्याशिवाय तो टिकत नाही.

माझ्या मते गावात चालण्यासारखे मार्ग दोन. पहिला, ज्याच्याकडे घर राहील त्याने दुसऱ्याला त्याच्या वाट्याचा मोबदला द्यायचा. तो एकरकमी द्या, किंवा दुसरीकडे जागा घेऊन, दोन खोल्या बांधून द्या. यासाठी घराची किंमत गरजेवरून नव्हे, तर बाहेरच्या माणसाकडून ठरवून घ्या, आणि कोणी किती पैसा व किती श्रम घातले हे मांडा. बचत गटाची वही, बँकेचे पासबुक, सिमेंट-लोखंडाची बिले, हे सगळे पुरावे आहेत. ४ नोव्हेंबर २०२० रोजी, नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून सुरू झालेल्या एका पोटगीच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही बाजूंना उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जाचे प्रतिज्ञापत्र बंधनकारक केले. त्यामुळे आता घर किंवा शेत झाकून ठेवणे सोपे राहिलेले नाही.

दुसरा मार्ग, लेकरे ज्याच्याकडे आहेत त्याने ती मोठी होईपर्यंत घरात राहायचे आणि मालकीचा हिशेब पुढे ठरलेल्या तारखेला करायचा. तारीख लिहिलीच पाहिजे. ‘पुढे बघू’ असे लिहिलेला कागद पुढच्या दाव्याचे कारण होतो. आई-वडील वेगळे होताना लेकरांचे बरेच काही हलते. शाळा, मित्र आणि झोपायची जागा तेवढी न हलवता आली, तर ते त्यांच्यावर मोठे उपकार आहेत.

जे ठरेल ते कसे लिहायचे? शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर सोडचिठ्ठी लिहून, चार पंचांच्या सह्या घेऊन घर कोणाचे होत नाही. ज्या समाजात रूढीने फारकत चालते आणि ती रूढी सिद्ध होते, तो भाग सोडला तर अशा कागदाने लग्नही संपत नाही. स्थावर मालमत्तेतला हक्क द्यायचा तर खरेदीखत, बक्षीसपत्र किंवा हक्कसोडपत्र करावे लागते आणि दुय्यम निबंधकाकडे त्याची नोंदणी करावी लागते. परस्पर संमतीच्या घटस्फोटात पहिल्या आणि दुसऱ्या अर्जामध्ये सहा महिन्यांचा काळ असतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानंतर न्यायालय तो कमीही करू शकते. हा काळ घराच्या कागदांसाठी वापरा. ठरलेली रक्कम किंवा नोंदलेला दस्त हाती येण्याआधी दुसऱ्या वेळची संमती देऊ नका. पोटगी हप्त्याने मिळणार असेल, तर हिंदू विवाह कायद्याच्या २५ व्या कलमाखाली त्या रकमेचा बोजा नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेवर ठेवता येतो, तो जरूर मागा. घरावर कर्ज असेल तर बँकेला तुमच्या घटस्फोटाशी देणेघेणे नसते. ज्यांच्या सह्या आहेत त्या दोघांकडूनही ती वसुली करते, म्हणून कर्ज कोण फेडणार तेही त्याच कागदात यावे.

मुस्लिम भगिनींसाठी १९८६ चा वेगळा कायदा आहे. त्याचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने २८ सप्टेंबर २००१ रोजी सांगितले की पतीने इद्दतच्या, म्हणजे घटस्फोटानंतरच्या प्रतीक्षेच्या, काळातच तिच्या पुढील आयुष्याची रास्त तरतूद करायची आहे, आणि त्या तरतुदीत राहण्याच्या जागेचाही समावेश होऊ शकतो. तेव्हा तिनेही घराचा प्रश्न त्या मुदतीतच मांडावा.

माहेरच्या माणसांनाही एक सांगणे आहे. परत आलेली लेक पाहुणी नसते. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू कुटुंबातल्या मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क दिला आहे, आणि त्यात राहते घरही आले. रक्षाबंधनाला साडी घेऊन तिच्याकडून हक्कसोडपत्रावर सही करून घेणाऱ्या भावांनी हे ध्यानात घ्यावे. उद्या तिच्यावर वेळ आली, तर तिच्या पायाखालची जमीन आपणच काढून घेतलेली असेल.

महाराष्ट्रात या प्रश्नावर पूर्वी मोठे काम झाले आहे. १९८८ मध्ये संगमनेरला परित्यक्ता परिषद भरली आणि टाकलेल्या स्त्रियांचा प्रश्न चव्हाट्यावर आला. ॲडव्होकेट निशा शिवूरकर यांनी पुढे ‘लढा टाकलेल्या स्त्रियांचा’ या पुस्तकात तो मांडला. शेतकरी संघटनेने शरद जोशींच्या पुढाकाराने ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली, आणि गावोगावी शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीतला वाटा बायकोच्या नावे केला. २००३ मध्ये राज्य सरकारने ‘घर दोघांचे’ ही मोहीम आणली. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर पती-पत्नी दोघांचे नाव लावायचे, एवढी साधी ती गोष्ट. नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पूर्ण पुरावा नव्हे. तरीही वेळ येते तेव्हा ती नोंद फार कामाची ठरते. २०२० पासून स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी होऊन मालमत्ता पत्रके मिळू लागली आहेत. त्या पत्रकावर कोणाचे नाव येते, तिकडे प्रत्येक बाईने लक्ष ठेवावे.

म्हणून माझी विनंती संकटात असलेल्यांपेक्षा सुखाने नांदणाऱ्यांना अधिक आहे. घर चांगले चालले आहे तेव्हाच नाव लावा. लग्न टिकून असताना पतीने पत्नीला राहत्या घराचे बक्षीसपत्र केले तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. स्थानिक अधिभार वेगळा. घटस्फोटानंतर ही सवलत राहत नाही. नाव लावल्याने संसार मोडत नाही. उलट दोघेही मालक आहेत हे माहीत असलेल्या घरात एकमेकांना ‘चालती हो’ म्हणायची हिंमत होत नाही.

आणि जिच्यावर आज ही वेळ आहे, त्या भगिनीला सांगते. जिवाला धोका असेल तर आधी स्वतःला आणि लेकरांना वाचवा. घर सोडावे लागले तरी लगेच अर्ज करा. धोका नसेल तर वकिलाशी बोलल्याशिवाय घर सोडू नका, कोऱ्या कागदावर सही करू नका. विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्याने स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे, आणि छळाच्या तक्रारीसाठी १८१.

उद्या ग्रामपंचायतीत जा, आपल्या घराचा उतारा मागा आणि त्यावर कोणाचे नाव आहे ते स्वतः वाचा.