पावसाआधी घानाला जायचं तर

आमच्या गडचिरोलीकडच्या बचत गटातल्या तिघी जणी मार्च 2027 मध्ये घाना देशाला जायची तयारी करत आहेत. घाना पश्चिम आफ्रिकेत आहे. त्याच्या उत्तर भागात शियाची झाडं आहेत. हे झाड आपल्या मोहाच्याच कुळातलं. तिथल्या बाया शियाच्या बिया उकडून, वाळवून, भाजून, दळून, हाताने पाण्यात मळून लोणी काढतात. ते घरी स्वयंपाकाला आणि अंगाला लावायला वापरतात, आणि बाहेरदेशी चॉकलेटात आणि क्रीममध्येही ते जातं. आपण मोहाचं बी बरंचसं तसंच व्यापाऱ्याच्या काट्यावर टाकतो. त्या बाया मिळून काम कसं करतात, भाव कसा ठरवतात, हे आम्हाला बघायचं आहे. तिकिटाचा खर्च एक संस्था करते आहे, बाकीचा गट करणार.

आमचा सगळ्यांत मोठा वाद झाला तो तारखेवरून. आधी आम्ही म्हटलं, मे महिन्यात जाऊ, तेव्हा शियाची फळं पडायला लागतात. पण उत्तर घानात पाऊस एकदाच येतो, साधारण एप्रिल-मे ते ऑक्टोबर. फळं पडायला लागली की बाया पहाटेच रानात जातात, आणि पेरणीही तेव्हाच. त्या दिवसांत पाहुणे आले तर त्यांची मजुरी बुडेल. जूनमध्ये आपल्या दारात कोणी पाहुणे आले तर आपण काय म्हणू? म्हणून पावसाच्या आधी जायचं, हे पक्कं झालं.

मग मार्चचा पहिला आठवडा का नको? तामाले शहर आणि आजूबाजूची गावं बहुतेक मुसलमान. 2027 मध्ये रमजान फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत असेल. उपाशीपोटी त्यांनी आपल्यासाठी चूल पेटवावी, हे बरं दिसत नाही. ईद झाल्यावर उरतो मार्चचा शेवट. आणि नेमका तेव्हाच आपला मोह पडतो.

मोहाचे पंधरा दिवस म्हणजे कितीतरी घरांचा वर्षाचा मीठ-मिरचीचा पैसा. तिघींनी तो सोडायचा का? बैठकीत ठरलं, ज्या जातील त्यांच्या झाडांखालचा मोह बाकीच्यांनी वाटून वेचायचा, वाळवायचा आणि त्यांच्या नावाने मोजून ठेवायचा. शिकून येणार ते सगळ्यांच्या कामाचं, तर तोटा तिघींनीच का सोसायचा?

आता तयारीचं ऐका. पासपोर्ट आणि व्हिसाला वेळ लागतो, म्हणून पासपोर्टचा अर्ज दिवाळीच्या आधी टाकायचा. घानाला जायला यलो फीव्हर, म्हणजे पीतज्वराची लस सक्तीची आहे. ती सरकारने ठरवलेल्या केंद्रांवरच मिळते, मुंबई-पुण्यात अशी केंद्रं आहेत. लस घेतल्यावर दहा दिवसांनी दाखला लागू होतो, म्हणून शेवटच्या आठवड्यावर ठेवायची नाही. तो पिवळा दाखला परत येतानाही जवळ हवा. नसेल तर आपल्याच विमानतळावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात.

ही लस सगळ्यांना चालत नाही. गरोदर बाई, अंगावर पाजणारी, अंड्याची ॲलर्जी असलेली, साठीच्या पुढची, यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. आमच्यात मोहाच्या तेलाचं सगळ्यांत जास्त कळणारी आजी साठीच्या पुढची आहे. डॉक्टर नाही म्हणाले तर आजी जाणार नाही, ओढाताण करायची नाही. पण तेल कडू का होतं, बी किती वाळवायचं, हे तिचे प्रश्न लिहून घेतले आहेत. ते दुसरी बाई विचारेल.

कोरड्या दिवसांत तिकडे मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज येण्याचा आजार पसरतो. त्या लसीचंही विचारायचं. हिवताप आपल्याला नवा नाही, पण तिथला जोरदार असतो. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या निघण्याआधी सुरू करायच्या आणि परत आल्यावरही सांगतील तितके दिवस घ्यायच्या. मच्छरदाणी न्यायची. आल्यावर पुढच्या काही महिन्यांत ताप आला तर घानाला गेलो होतो हे डॉक्टरांना पहिल्यांदा सांगायचं.

ऊन आपल्याला काय नवीन, असं कोणी म्हणेल. तामालेत मार्चमध्ये पारा 38-40 पर्यंत जातो. पण मार्चमध्ये आपलं अंग अजून उन्हाला सरावलेलं नसतं. सुती कपडे, डोक्याला दुपट्टा, मीठ-साखरेच्या पाण्याची पाकिटं, आणि काम सकाळी, दुपारी सावली. पाणी उकळलेलं किंवा बंद बाटलीतलं.

मुंबईहून विमान बदलत राजधानी आक्रा गाठायची. तिथून तामाले सुमारे 600 किलोमीटर, बसने अख्खा दिवस जातो. घानात सरकारी भाषा इंग्रजी, पण तामालेकडे घरात दागबानी बोलतात, म्हणून दुभाषी बाई लागेल. घेणं-देणं उजव्या हाताने, आपल्यासारखंच. भेटल्यावर आधी घरच्यांची विचारपूस, मग कामाचं.

मैत्रिणींनो, तुमचा गट कुठेही बघायला जाणार असेल, शेजारच्या तालुक्यात का असेना, तर तारीख ठरवण्याआधी दोन्हीकडच्या बायांच्या कामाचे दिवस कागदावर मांडा. जिथे कोणाची मजुरी बुडते, तिथे ती कशी भरून काढायची तेही त्याच बैठकीत लिहून ठेवा. आमच्या वहीत तीन नावं, आणि त्यांच्यापुढे मोह वेचणाऱ्या नऊ जणींची नावं आहेत.