शालेय कलाशिक्षण आणि आपले कर्तव्य

(महोत्सवानिमित्त पालक व शिक्षक यांच्या सभेत केलेले भाषण)



महोत्सवाच्या या मंगल प्रसंगी देवाच्या उपकारांचे आपण स्मरण करीत आहो. परंतु स्मरणासोबत एखाद्या नव्या कर्तव्याचा स्वीकार झाला नाही, तर महोत्सव म्हणजे केवळ तोरणे व पताका होत. म्हणून आपल्या जिल्हा परिषदेच्या व नगरपालिकांच्या शाळांतील कलाशिक्षणाविषयी चार शब्द सांगावे, असे आम्ही योजिले आहे.

धर्मगुरूने चित्रकलेची चिंता का वाहावी, असे कोणी विचारील. निर्गमाच्या पुस्तकात बसालेलाची कथा आहे. सोने, रुपे, पितळ व लाकूड यांवर कारागिरी करण्यासाठी देवाने त्याला नाव घेऊन बोलाविले आणि आपल्या आत्म्याने परिपूर्ण केले. कारागिराच्या हाताला पवित्र शास्त्र एवढा मान देते. गोव्यात जन्मलेले व पुण्यास दीर्घकाळ राहिलेले चित्रकार आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) यांनी पवित्र मरियेला आपल्याकडील स्त्रीचा वेष दिला. तो हात शांतिनिकेतनात शिकून तयार झाला होता. शिक्षणावाचून देणगी फळास येत नाही.

आणि आपली भूमी तर कलेची माहेरवाशीण आहे. १८४३ साली सांगली संस्थानचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी ‘सीता स्वयंवर’ रंगभूमीवर आणिले. मिरजेच्या सतार व तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन लाभले. सातारा जिल्ह्यातील औंध येथे स्वतः चित्रकार असलेले राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली आपला कलासंग्रह संग्रहालयरूपाने लोकांपुढे ठेविला. अशा मुलखातील मुलाने तंबोऱ्याची तार एकदाही न छेडता शाळा सोडावी, ही खेदाची गोष्ट नव्हे काय?

मग कलाशिक्षणाचे मोजमाप कसे करावे? स्नेहसंमेलनातील टाळ्यांवरून ते करू नये. एलिमेंटरी व इंटरमिजिएट या परीक्षा उपयुक्त आहेत. तथापि त्यांतील श्रेणीमुळे शालान्त परीक्षेत मिळणाऱ्या वाढीव गुणांवरच पालकांची दृष्टी खिळली, तर साधनच साध्य होऊन बसते. आम्ही तीन साधे प्रश्न सुचवितो. वार्षिक परीक्षा जवळ आली असता कलेचा तास कलेलाच मिळतो, की गणिताच्या उजळणीस दिला जातो? साऱ्या वर्गाच्या वह्यांत तेच दोन डोंगर, तीच झोपडी व तोच मधून उगवणारा सूर्य आहे, की प्रत्येकाने आपले स्वतःचे पाहिलेले काढिले आहे? आणि ज्याचा हात वळत नाही, ज्याचा सूर लागत नाही, त्या मुलासही पाळी मिळते काय? आमच्या मते तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. कारण हुशार मुलावरून शाळेची परीक्षा होत नाही.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक विद्यार्थी असल्यास अंशकालीन कलानिदेशक असावा, असे ठरविले. पण पाटण-जावळीच्या डोंगरवाड्यांतील, जत-आटपाडीच्या वस्त्यांवरील लहान शाळांचे काय? जेथे मुले थोडी, तेथे कायद्याचा हात पोचत नाही. तेथे शेजाऱ्याचा हात पोचला पाहिजे.

आपण काय करू शकतो? याच कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सभासद पालक असतात. तेथे वरील प्रश्न विनयाने, पण नेटाने विचारावे. आपल्या गायकवृंदातील पेटी व तबला वाजविणाऱ्यांनी, सुतारकाम जाणणाऱ्यांनी मुख्याध्यापकांच्या अनुमतीने आठवड्यातून एक तास शाळेस द्यावा. गावातील भारूड गाणारे वा गजनृत्य करणारे वृद्ध कलावंत बोलवावे व त्यांना मानधन द्यावे. नुसता नारळ देऊन बोळवण करू नये. महोत्सवाच्या शोभेचा काही खर्च कमी करून रंग व कागद पुरवावे. मात्र एक पथ्य पाळावे. शाळेत आपण धर्मोपदेशक म्हणून जाणार नाही, शेजारी म्हणून जाऊ. आणि मुलांची जात वा पंथ विचारणार नाही. वर्षअखेरीस शिक्षकांनाच विचारावे की आमच्या येण्याने साहाय्य झाले की अडचण. दुसऱ्याचे मूल्यमापन करणाऱ्याने स्वतःचेही करून घ्यावे.

धन्याने दिलेले द्रव्य भूमीत पुरून ठेवणाऱ्या दासाचा दृष्टान्त आपणांस ठाऊक आहे. त्या दासाने चोरी केली नव्हती; त्याने केवळ काही केले नाही. आपल्या लेकरांच्या हातांत व कंठांत देवाने ठेविलेले धन आपल्या उदासीनतेने पुरले जाऊ नये, एवढीच आमची प्रार्थना. प्रभू आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.